मुखवटा आणि मालकी : एमएफ डूम या स्वतंत्र रॅप-कलावंताच्या वाटचालीचा अभ्यास

प्रास्ताविक

१९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागातील कृष्णवर्णीय व लॅटिनो वस्त्यांतून हिपहॉप ही संस्कृती उदयास आली. तिच्या गीतप्रकाराला, म्हणजे रॅपला, आज जगभरातील तरुणवर्गात स्थान मिळालेले आहे. 'गली बॉय' (२०१९) या चित्रपटानंतर मुंबईतील रॅपही सर्वांच्या परिचयाचा झाला. असे असूनही आपल्या महाविद्यालयीन चर्चाविश्वात या प्रकाराचा विचार बहुधा 'तरुणाईची अभिव्यक्ती' एवढ्या एका शब्दप्रयोगात आटोपला जातो. त्यामागील अर्थकारण, करारव्यवहार, स्वामित्वहक्क आणि रचनातंत्र या बाजू दुर्लक्षित राहतात. या बाजू एकत्र पाहावयाच्या असतील तर एमएफ डूम या नावाने ओळखल्या गेलेल्या कलावंताची कारकीर्द अभ्यासास विशेष उपयुक्त ठरते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

डॅनियल डुमिले (१९७१–२०२०) हे त्याचे खरे नाव. तो रॅप लिहीत असे, म्हणत असे आणि त्यासाठीचे संगीतही स्वतः रचत असे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तो रंगमंचावर कायम मुखवटा घालून वावरला. या मुखवट्याविषयी पाश्चात्त्य नियतकालिकांतून पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या लेखनाचा रोख साधारणतः गूढतेकडे असतो. प्रस्तुत लेखात मात्र हा मुखवटा व त्याच्या जोडीने आलेली अनेक टोपणनावे ही स्वतंत्रपणे उपजीविका करू पाहणाऱ्या कलावंताची व्यवहारातील साधने होती, अशी मांडणी करण्याचा प्रयत्न केला आहे. विवेचनाच्या सोयीसाठी व्यक्तीचा उल्लेख 'डुमिले' असा आणि तिने उभ्या केलेल्या पात्राचा उल्लेख 'डूम' असा केला आहे. (हे नाव रोमन लिपीत सर्वत्र मोठ्याच अक्षरांत लिहिले जावे, असा त्याचा आग्रह असे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने तो येथे पाळता येत नाही.)

संज्ञांचा खुलासा

आरंभीच तीन संज्ञांविषयी स्पष्टता असणे आवश्यक आहे. चित्रपटसृष्टीत 'प्रोड्यूसर' म्हणजे पैसा लावणारा निर्माता. रॅपमधील 'प्रोड्यूसर' ही व्यक्ती संगीत सिद्ध करते. जुन्या तबकड्यांमधून एखादा तुकडा निवडणे, तो यंत्रावर उचलून घेणे, त्याची गती व उंची बदलणे, त्याचे आवर्तन तयार करणे आणि त्याखाली तालाची जोड देणे हे तिचे काम. या तुकडा उचलण्याच्या क्रियेस 'सॅम्पलिंग' व सिद्ध झालेल्या संगीतास 'बीट' असे म्हटले जाते.

दुसरी संज्ञा 'अंडरग्राउंड'. तिचे 'भूमिगत' असे भाषांतर केले की मराठी वाचकाच्या मनात १९४२ चे लढे उभे राहतात आणि अर्थ बिघडतो. अंडरग्राउंड रॅपमध्ये लपवण्यासारखे काही नसते. आपल्याकडील १९६० च्या दशकातील अनियतकालिकांची चळवळ आठवल्यास हा अर्थ अधिक नेमका कळेल : मोजक्या प्रती, पदरचे पैसे, हातोहाती वितरण आणि मोठ्या प्रकाशनगृहाच्या पसंतीची पर्वा न करणारी रचना.

तिसरी संज्ञा 'स्वतंत्र', आणि ही निव्वळ आर्थिक आहे. मोठी ध्वनिमुद्रण कंपनी कलावंतास आगाऊ रक्कम देते, ध्वनिमुद्रणाचा व प्रसिद्धीचा खर्च करते आणि तो सर्व कलावंताच्या मानधनातून वळता करून घेते. मूळ ध्वनिमुद्रणाची, म्हणजे 'मास्टर'ची, मालकी बहुधा कंपनीकडेच राहते. त्यामुळे तयार झालेली ध्वनिमुद्रिका प्रकाशित करावयाची की नाही, हा निर्णयही कंपनीचाच असतो. छोट्या स्वतंत्र कंपनीकडे आगाऊ देण्यास फारसे नसते. मात्र खर्च वजा जाता उरलेला नफा निम्मा-निम्मा वाटून घेण्याची प्रथा तेथे रूढ आहे आणि मालकीच्या अटीही सैल असतात. डुमिलेने या दोन्ही व्यवस्था अनुभवल्या. त्यांतील पहिलीचा अनुभव त्याला वयाच्या तेविसाव्या वर्षापूर्वीच आला.

केएमडी आणि अप्रकाशित ध्वनिमुद्रिका

डुमिलेचा जन्म लंडनमधला. वडील झिंबाब्वेचे, आई त्रिनिदादची. तो लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत स्थलांतरित झाले आणि त्याचे बालपण न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवर गेले. १९८८ च्या सुमारास त्याने धाकटा भाऊ डिंगिलिझ्वे याच्यासह केएमडी हा गट स्थापन केला. या काळात तो झेव लव्ह एक्स हे नाव वापरीत असे. भाऊ सबरॉक या नावाने संगीताची बाजू सांभाळी. १९८९ मध्ये थर्ड बेस या गटाच्या एका गीतात त्याचा आवाज ऐकू आला आणि त्यातून इलेक्ट्रा या मोठ्या कंपनीशी केएमडीचा करार झाला.

'मिस्टर हूड' ही त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९९१ मध्ये प्रकाशित झाली. परभाषा शिकवणाऱ्या जुन्या ध्वनिमुद्रणातील वाक्ये कापून, ती नव्याने जुळवून त्यांनी मिस्टर हूड नावाचे एक पात्रच उभे केले होते. सभ्य, कृत्रिम उच्चारांचा हा गृहस्थ वस्तीतल्या मुलांशी संवाद करतो आणि त्या विसंगतीतून विनोद निर्माण होतो. दुसऱ्याच्या आवाजातून पात्र घडवण्याची ही युक्ती पुढे डुमिलेच्या संपूर्ण निर्मितीत दिसते. त्यामुळे 'मिस्टर हूड'कडे केवळ तरुणपणीची खेळकर रचना म्हणून पाहणे योग्य होणार नाही.

दुसरी ध्वनिमुद्रिका 'ब्लॅक बास्टर्ड्स' जवळपास पूर्ण होत असताना, १९९३ मध्ये, लाँग आयलंडवर महामार्ग ओलांडताना मोटारीच्या धडकेने सबरॉकचा मृत्यू झाला. उरलेले काम डुमिलेने एकट्याने पूर्ण केले. मुखपृष्ठाचे चित्रही त्यानेच काढले. अक्षरे ओळखण्याचा मुलांचा एक खेळ असतो. चुकीच्या प्रत्येक अक्षरागणिक फासावरील माणसाचा एकेक अवयव काढला जातो. या खेळाच्या धर्तीवर शीर्षकातील काही अक्षरे गाळून त्याने 'सॅम्बो' या आकृतीस फासावर लटकताना दाखवले होते. सॅम्बो ही गोऱ्या समाजाने कृष्णवर्णीयांची टवाळी करण्यासाठी रूढ केलेली चित्रप्रतिमा. तिला फाशी देणे याचा अर्थ ती हिणकस प्रतिमाच संपवणे असा होता. केएमडीच्या पूर्वीच्या बोधचिन्हातही याच चेहऱ्यावर काट मारलेली होती. परंतु फासावरील काळा देह हे चित्र अमेरिकेच्या इतिहासात जमावाने केलेल्या हत्यांचे चित्र आहे आणि संदर्भाविना ते पाहणाऱ्यास उलट अर्थ जाणवणे अशक्य नव्हते. व्यावसायिक वर्तुळातून टीका होताच इलेक्ट्राने १९९४ मध्ये ध्वनिमुद्रिकेचे प्रकाशन रद्द केले आणि गटाशी असलेला करारही संपवला.

मुखपृष्ठ बदलून प्रकाशन करणे कंपनीला शक्य होते. तसे झाले नाही. येथे करारव्यवस्थेचे स्वरूप उघडे पडते. ज्या रचनेत मृत भावाचे अखेरचे काम साठवलेले आहे, तिचे भवितव्य ठरवण्याचा अधिकार जिवंत भावाला नव्हता. ती ध्वनिमुद्रिका अधिकृतपणे बाहेर येण्यास नवे शतक उजाडावे लागले. दरम्यान तिच्या चोरट्या प्रती रसिकांमध्ये फिरत राहिल्या.

पुनरागमन : महाविद्यालयीन आकाशवाणी व छोटी कंपनी

१९९४ नंतरची सुमारे तीन वर्षे डुमिले संगीतव्यवसायाबाहेर होता. मॅनहॅटनच्या रस्त्यांवर फिरत, कधी बाकांवर झोपत, जवळपास बेघर अवस्थेत दिवस काढल्याचे त्याने पुढे मुलाखतींत सांगितले आहे. त्याचे पुनरागमन ज्या वाटेने झाले ती वाट महाविद्यालयीन प्राध्यापकांना विशेष रोचक वाटावी. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या डब्ल्यूकेसीआर या विद्यार्थी-आकाशवाणी केंद्रावरून १९९० ते १९९८ या काळात स्ट्रेच आर्मस्ट्राँग व बॉबिटो गार्सिया हे दोघे रात्री उशिरा एक कार्यक्रम सादर करीत. कोणत्याही कंपनीशी करार नसलेल्या कलावंतांना तेथे थेट ध्वनिक्षेपक मिळत असे. पुढे मोठे झालेले अनेक रॅपर तेथे प्रथम ऐकू आले. विद्यापीठाची यंत्रणा असल्याने जाहिरातदारांची मर्जी सांभाळण्याचा प्रश्न नव्हता. याच बॉबिटो गार्सियाने १९९५ मध्ये फॉन्डल एम ही अगदी छोटी कंपनी काढली होती. तिच्यातर्फे १९९७ पासून डुमिलेची सुटी गीते बारा इंची तबकड्यांवर येऊ लागली आणि १९९९ मध्ये 'ऑपरेशन : डूम्सडे' ही पूर्ण ध्वनिमुद्रिका प्रकाशित झाली. कंपनी, दुकाने आणि आकाशवाणी कार्यक्रम हे सारे ओळखीच्या माणसांचे एक जाळे होते. रॅपमधील 'स्वातंत्र्य' हे अशा जाळ्यांवर उभे असते आणि जाळे विरले की तेही संपते, याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही.

'ऑपरेशन : डूम्सडे'चे संगीत तत्कालीन रॅपच्या कठोर, धातूच्या खणखणाटासारख्या ध्वनीहून निराळे होते. शादे या गायिकेचे मृदू स्वर, क्विन्सी जोन्स व जेम्स इंग्रम यांचे प्रेमगीत अशा १९८० च्या दशकातील तुकड्यांची आवर्तने त्यात आहेत. व्यंगचित्रपटांतील संवादही आहेत. त्यावर येणारा आवाज घोगरा, सैलसर आणि थकलेला. ध्वनिमुद्रण घरगुती वाटावे इतके साधे आहे. परंतु त्या साधेपणामुळेच पुढच्या पिढीतील अनेक हौशी संगीतकारांना आपल्या खोलीत बसून असे काही करता येईल, हा भरवसा आला असावा.

मुखवटा आणि नावे

याच काळात मॅनहॅटनमधील न्युयॉरिकन पोएट्स कॅफेच्या खुल्या मंचावर डुमिले चेहऱ्यावर स्त्रियांचा पायमोजा ओढून रॅप म्हणत असे. पुढे त्याजागी मुखवटा आला. आरंभीचा मुखवटा खेळण्यातल्यासारखा होता. नंतरचा धातूचा मुखवटा 'ग्लॅडिएटर' (२०००) या चित्रपटातील शिरस्त्राणाच्या प्रतिकृतीपासून बनवलेला होता. पात्राची प्रेरणा मात्र स्टॅन ली व जॅक कर्बी यांनी १९६२ मध्ये निर्माण केलेल्या डॉक्टर डूम या चित्रकथेतील खलनायकाची. चेहरा विद्रूप झाल्याने पोलादी मुखवटा धारण करणारा आणि जगावर सूड उगवू पाहणारा हा शास्त्रज्ञ. भाऊ गमावलेल्या, कंपनीने टाकून दिलेल्या तरुणाला हे पात्र का जवळचे वाटले, हे उलगडून सांगण्याची गरज नाही.

मुखवट्याचे समर्थन करताना डुमिले साधी भूमिका घेत असे. रॅपचा व्यवसाय दिसण्याभोवती फिरू लागला आहे, श्रोत्याने आवाजाकडे लक्ष द्यावे, असे तो म्हणे. हे खरे मानले तरी त्याला एक व्यावहारिक बाजू आहे. 'एमएफ' ही अक्षरे रॅपर म्हणून 'मेटल फेस', धातूचा चेहरा, यासाठी होती आणि संगीतकार म्हणून 'मेटल फिंगर्स', धातूची बोटे, यासाठी. म्हणजे एकाच व्यक्तीची दोन कामे दोन नावांनी वेगळी झाली. याखेरीज किंग गिडोरा हे जपानी चित्रपटांतील त्रिमुखी राक्षसावरून घेतलेले नाव होते आणि व्हिक्टर व्हॉन हा डूमचाच उर्मट, तरुण अवतार होता. मराठी वाचकास हे अपरिचित वाटू नये. राम गणेश गडकरी यांनी कविता 'गोविंदाग्रज' या नावाने, विनोदी लेखन 'बाळकराम' या नावाने आणि नाटके स्वतःच्या नावाने लिहिली. नाव बदलले की लेखणीची जात बदलते, ही जाण दोहोंकडे सारखी आहे. फरक असा की डुमिलेच्या प्रत्येक नावामागे एक वेगळी कंपनी होती.

या दृष्टीने २००३ व २००४ ही दोन वर्षे पाहण्यासारखी आहेत. किंग गिडोराची 'टेक मी टू युअर लीडर' लंडनच्या बिग डाडाने २००३ मध्ये काढली. तीत डुमिले मुख्यतः संगीतकार आहे आणि गाण्याचे काम त्याने बव्हंशी इतरांकडे सोपवले आहे. त्याच वर्षी व्हिक्टर व्हॉनची 'व्हॉडव्हिल व्हिलन' साउंड-इंक या कंपनीकडून आली. येथे भूमिका उलट आहे : शब्द त्याचे, संगीत बहुतांशी इतरांचे. २००४ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसच्या स्टोन्स थ्रोने 'मॅडव्हिलनी' काढली. त्याच वर्षी व्हिक्टर व्हॉनची दुसरी ध्वनिमुद्रिका तिसऱ्याच एका कंपनीकडून आली. नोव्हेंबरमध्ये मिनिआपोलिसच्या रायमसेअर्सने 'एमएम..फूड' काढली. (रोमन लिपीत हे शीर्षक त्याच्याच नावातील अक्षरांची उलटापालट आहे आणि त्यातील गीतांना खाद्यपदार्थांची नावे आहेत.) दोन वर्षांत पाच ध्वनिमुद्रिका आणि पाच कंपन्या. मोठी कंपनी कलावंतास सामान्यतः एकनिष्ठतेच्या अटीने बांधून ठेवते. डुमिलेला पुन्हा कोणा एकाच्या मर्जीवर अवलंबून राहावयाचे नव्हते, आणि अनेक पात्रे ही त्यासाठीची सोय ठरली, असा निष्कर्ष या क्रमावरून काढता येतो.

संगीतकार म्हणूनही त्याने हाच हिशेब ठेवला. 'स्पेशल हर्ब्ज' या मालिकेत २००१ पासून त्याने आपली शब्दविरहित बीट्स क्रमाक्रमाने प्रकाशित केली. प्रत्येक तुकड्यास एखाद्या वनौषधीचे वा मसाल्याचे नाव दिलेले आहे. यातील काही बीट्स त्याच्या स्वतःच्या गीतांत आधी येऊन गेलेली होती. काही पुढे इतरांनी घेतली. घोस्टफेस किलाच्या 'फिशस्केल' (२००६) या ध्वनिमुद्रिकेतील त्याची बीट्स 'स्पेशल हर्ब्ज'च्या श्रोत्यांना ओळखीची होती. एकच बीट गीत म्हणून, सुटे संगीत म्हणून आणि दुसऱ्याच्या गीताचा पाया म्हणून तीन वेळा उपयोगी पडले.

सॅम्पलिंग आणि कायदा

येथे एका अडचणीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. सॅम्पलिंगमध्ये दुसऱ्याच्या मालकीचे ध्वनिमुद्रण वापरले जाते. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने बिझ मार्की या रॅपरविरुद्धच्या दाव्यात परवानगीशिवाय केलेले सॅम्पलिंग बेकायदा ठरवले आणि पुढे २००५ च्या दुसऱ्या एका निकालात अपील न्यायालयाने ध्वनिमुद्रणाच्या अगदी छोट्या तुकड्यासही परवाना आवश्यक मानला. परिणामी मोठ्या कंपन्यांची ध्वनिमुद्रिका अनेक तुकड्यांनी विणणे अतिशय खर्चिक झाले. मोजक्या प्रती काढणाऱ्या छोट्या कंपन्यांकडे हक्कधारकांचे लक्ष सहसा जात नसे. म्हणून दाट सॅम्पलिंगची कला १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अंडरग्राउंडमध्ये टिकून राहिली. म्हणजे ज्यास आपण सौंदर्यदृष्टी म्हणतो तीमागे काही अंशी न्यायालयीन निकालांनी घडवलेली परिस्थिती होती.

हा प्रश्न एकतर्फी नाही. २००२ मध्ये गाजलेल्या 'ॲडिक्टिव्ह' या अमेरिकी गीतात लता मंगेशकर यांनी गायिलेल्या 'थोडा रेशम लगता है' या गीताचा मोठा भाग होता. मूळ संगीतकार बप्पी लाहिरी यांचा नामोल्लेख केल्याशिवाय विक्री करू नये, असा आदेश २००३ मध्ये तेथील न्यायालयाने दिला. आपल्या माणसांचे सूर जेव्हा अशा प्रकारे उचलले जातात तेव्हा 'सॅम्पलिंग म्हणजे परंपरेशी संवाद' हे विधान तितक्या सहजपणे मान्य करता येत नाही. डुमिलेचा सहकारी मॅडलिब याने २००७ मध्ये 'बीट कंडक्टा इन इंडिया' ही ध्वनिमुद्रिका मुख्यतः हिंदी चित्रपटसंगीताच्या तबकड्यांतून घडवली. तिचे कौतुक करताना ही बाजूही ध्यानात असावी.

'मॅडव्हिलनी' : रचनेचा विचार

मॅडलिब म्हणजे कॅलिफोर्नियातील ओटिस जॅक्सन ज्युनिअर. तो व डुमिले यांनी मिळून 'मॅडव्हिलन' हे जोडनाव घेतले. ब्राझीलच्या प्रवासात हॉटेलच्या खोलीत बसून, एक छोटे सॅम्पलर, हाती नेता येणारे तबकडीयंत्र आणि कॅसेटयंत्र एवढ्या साहित्यावर मॅडलिबने यातील पुष्कळशी बीट्स केली. दोघांमधील पहिला करार कागदाच्या थाळीवर लिहिला गेला, असे सांगितले जाते. प्रकाशनाच्या वर्षभराहून अधिक आधी कच्ची प्रत चोरीस जाऊन इंटरनेटवर पसरली. दोघेही नाउमेद होऊन दुसऱ्या कामांकडे वळले. परतल्यावर डुमिलेने आपला आवाज नव्याने ध्वनिमुद्रित केला, आधीहून खालच्या पट्टीत व संथपणे. आज या ध्वनिमुद्रिकेची जी ओळख मानली जाते तो आळसावलेला, शांत स्वर या दुसऱ्या प्रयत्नातून आला आहे.

बावीस तुकडे आणि सुमारे शेहेचाळीस मिनिटे. बहुतेक गीतांना ध्रुवपद नाही. कित्येक दोन मिनिटांच्या आतच संपतात, कधी ऐन भरात असताना. एका गीतात बिल एव्हान्स याच्या पियानोचा तुकडा आहे, दुसऱ्यात डेडेलस या संगीतकाराच्या रचनेतील अकॉर्डियनचा. आकाशवाणीवर वाजवता येईल असे गीत तीत शोधावेच लागते. तरीही अमेरिकेच्या दोनशे खपाऊ ध्वनिमुद्रिकांच्या यादीत ती १७९ व्या स्थानापर्यंत पोहोचली आणि छोट्या कंपनीच्या मानाने हे यश मोठेच होते.

डुमिलेच्या शब्दरचनेविषयी मराठी काव्यशास्त्राच्या परिभाषेत काही सांगता येते. आपल्याकडे मोरोपंतांचे यमक प्रसिद्ध आहे. त्यात अक्षरसमूहाची पुनरावृत्ती होते आणि अर्थ बदलतो. इंग्रजी रॅपमध्ये अक्षरापेक्षा उच्चार महत्त्वाचा : स्वर जुळले आणि आघात एका जागी पडले की यमक सिद्ध होते. सामान्य रॅपर ओळीच्या शेवटच्या एक-दोन अवयवांत ते साधतो. डुमिले कधी कधी अर्धी ओळ, सहा-सात अवयवांचा पट्टा, पुढच्या ओळीतील तितक्याच पट्ट्याशी जुळवतो आणि हा क्रम अनेक ओळी चालू ठेवतो. अंत्ययमकास अंतर्यमकाची जोड असते. ओळ संपली तरी वाक्य संपत नाही. श्रोत्यास अपेक्षित असलेला, बहुधा अश्लील, शब्द टाळून तो अचानक निरुपद्रवी शब्द ठेवतो आणि यमक मोडून हसू आणतो. शिवाय तो स्वतःविषयी बहुधा तृतीयपुरुषी बोलतो. रॅपमध्ये 'मी' हे सर्वनाम प्रामाणिकपणाचे प्रमाण मानले जाते. येथे 'तो' बोलतो आणि त्या 'तो'च्या आडून आत्मस्तुती, दुःख, टवाळी हे सारे एका सुरात येते. विद्वानांनी याची तुलना आधुनिकतावादी काव्याशी केली तर हरकत नाही, परंतु ऐकणाऱ्यास प्रथम जाणवतो तो शब्दखेळाचा निखळ आनंद.

प्रतिरूपे आणि सरहद्द

मुखवट्याच्या युक्तिवादाची मर्यादा २००७ च्या सुमारास दिसू लागली. काही कार्यक्रमांत मुखवट्याआड डुमिले नसून दुसराच माणूस ओठ हलवत असल्याचे प्रेक्षकांच्या लक्षात आले. संतापलेल्या रसिकांनी अशा तोतयांना 'डूमबॉट' हे नाव दिले. डुमिलेने २००९ मध्ये यावर दिलेले स्पष्टीकरण असे की आपण लेखक व दिग्दर्शक आहोत, पात्र कोणाकडून वठवून घ्यावयाचे हा आपला अधिकार आहे. युक्तिवाद म्हणून हे चतुर आहे आणि काही समीक्षकांनी त्यात 'लेखकाचा मृत्यू' या सिद्धांताचे प्रात्यक्षिकही पाहिले. प्रस्तुत लेखकास ते मान्य नाही. नाटकात नट बदलल्याची पाटी लावली जाते. येथे प्रेक्षकांनी पैसे मोजले होते आणि त्यांना काहीही सांगितलेले नव्हते. कंपन्यांच्या अरेरावीविरुद्ध घडवलेले साधन येथे आपल्याच रसिकांविरुद्ध वापरले गेले.

२००९ मध्ये लंडनच्या लेक्स या कंपनीने 'बॉर्न लाइक धिस' प्रकाशित केली. पुढच्या वर्षी युरोपच्या दौऱ्याहून परतताना डुमिलेला अमेरिकेत प्रवेश नाकारण्यात आला. बालपणापासून तेथे वाढूनही त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेले नव्हते. तो पुन्हा जन्मभूमीत, इंग्लंडमध्ये, येऊन पडला. घर, पत्नी, मुले, तबकड्या आणि वह्या महासागरापलीकडे राहिल्या. नंतर कुटुंब त्याच्याकडे आले, पण तो अमेरिकेत परतू शकला नाही. पाच नावांनी पाच कंपन्यांशी व्यवहार करणाऱ्या माणसाचे पारपत्रावर एकच नाव होते. स्वतंत्र कलावंताच्या मागे कागदपत्रे पाहणारा कायदेविभाग नसतो. मोठ्या कंपनीच्या कलावंतास जी सोय आपोआप मिळते, तिची उणीव येथे वीस वर्षांनी भासली, असे म्हणावे लागेल.

इंग्लंडमधील दशकात त्याचे काम मंदावले, थांबले नाही. जनेरो जरेल याच्यासह 'की टू द कफ्स' (२०१२) मध्ये लंडनची भाषा व रस्ते आले. २०१४ मध्ये बिशप नेहरू या अगदी तरुण रॅपरसाठी त्याने 'नेहरुव्हियनडूम' या ध्वनिमुद्रिकेचे बहुतांश संगीत केले. दरम्यान, २०११ मध्ये, 'ऑपरेशन : डूम्सडे' त्याच्या स्वतःच्या मेटल फेस या नाममुद्रेखाली पुन्हा निघाली होती. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी लीड्स येथे त्याचे निधन झाले. वय ४९. कुटुंबाने ही वार्ता दोन महिन्यांनी, ३१ डिसेंबरला, जाहीर केली. पुढच्या वर्षी त्याचे लहानपण गेले त्या लाँग बीच नगरातील एका रस्त्यास केएमडी व एमएफ डूम यांचे नाव देण्यात आले.

मागे उरल्या त्या ३१ वह्या. 'ऑपरेशन : डूम्सडे', 'मॅडव्हिलनी', 'एमएम..फूड' यांतील गीतांचे खर्डे व काही अप्रकाशित ओळी त्यांत आहेत. २०१० मध्ये परतीची वाट बंद झाली तेव्हा त्या लॉस एंजेलिसमध्येच राहिल्या होत्या. त्यांचा ताबा कोणाकडे असावा हा वाद २०२३ मध्ये न्यायालयात गेला. अमेरिकी स्वामित्वहक्क कायद्यानुसार वही या वस्तूची मालकी आणि तिच्यातील मजकुराचा हक्क या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. एक हस्तांतरित झाली म्हणून दुसरी होत नाही.